कागदातली टेप

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. सुष्मास नरसिंगअण्णाचा आशीर्वाद, आणि अस्तराच्या पिशवीत हात घालताना जपून, कारण आत हे पत्र आहे.

पांढऱ्या कापडाच्या घडीखाली ठेवलं आहे. वेंकोबा कंडक्टरला बसमध्ये पिशव्या उघडून बघायची सवय आहे. त्याला आधी कापडच दिसलं पाहिजे. फोन करता आला असता, पण माझा नियम तुला ठाऊक आहे. तोंडी माप आणि तोंडी निरोप, दोन्ही वाटेत बदलतात. पक्कं असेल ते कागदावर.

तर पक्कं असं आहे की माझं पुस्तक निघालं.

हसू नकोस. आठवी पास, ते पण हिंदी शाळेतून, म्हणून अक्षर आलं. मराठी घरातली. आणि कॉम्प्युटर कुणी शिकवला? कुणी नाही. जुना लॅपटॉप घेतला, दुकान बंद झाल्यावर बसलो, रेघ काढायला शिकलो, मग बाक काढायला. बाही जोडतात त्या मुंढ्याचा बाक मनासारखा उतरेपर्यंत दसरा येऊन गेला. नाव आहे 'घरच्या घरी ब्लाउज: कागदावर ठेवा, कापा, शिवा'. मराठीत आणि कन्नडात. बत्तीस ते बेचाळीस, सगळे साइज. पैसे भरले की फाइल ई-मेलने येते. जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायची, पानं जोडायची, कापडावर ठेवायची, कात्री चालवायची. हिशेब नाही, आकडेमोड नाही. ती मी करून ठेवली आहे.

डोकं माझं नव्हे, कांचनचं. पुण्याची मुलगी, हेब्बाळला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, माझ्याकडून ब्लाउज शिवून घेते. दुकानाच्या भिंतीवरची माझी मापांची चित्रं बघून म्हणाली, काका, हे भिंतीवर काय ठेवलंय, विका. मग तिने मला कंटेंट मार्केटिंग सांगितलं. म्हणजे असं की आधी फुकट शिकवायचं. दर आठवड्याला वेबसाइटवर एक लेख, बाहीचं एक कागदी माप फुकट, त्याबदल्यात वाचणाऱ्याचा ई-मेल पत्ता. मग पत्र लिहीत राहायचं, आणि एक दिवस सांगायचं की पुस्तक आहे. मी म्हटलं, यात नवीन काय? देवराज मार्केटातला फुलवाला वासाचे पैसे कधी घेतो?

प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला मी इंची टेप काढली आहे, शून्य ते अकरा. शोभेची, पण रेघा सगळ्या मोजून, सोळाव्या भागापर्यंत. कांचन म्हणाली, एवढं कोण बघतं काका. म्हटलं, एक तरी असतो. आणि मुखपृष्ठावर माझं स्वतःचं वाक्य आहे, त्याला तिला हात लावू दिला नाही: 'या कागदावर कापलेला ब्लाउज बसला नाही, तर चूक कागदाची नाही.'

आता तुझं काम. चिकुनगुन्याने वर्षभर तुझी बोटं धरली होती, ती सुटली असं रघुभावजी म्हणाले. लग्नाआधी तू माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचीस, तेव्हा मोहल्ल्यात अशी कात्री दुसऱ्या कुणाची नव्हती, माझी सोडून. पुस्तक घे, बन्नूरला छापून घे, शिवायला लाग. मी वेबसाइटवर लिहिणार आहे, 'बन्नूरच्या माझ्या आतेबहिणीने पुन्हा मशीन सुरू केलं'. फोटो पाठव. मशीनजवळचा, चुलीजवळचा नको.

तुझा
नरसिंगअण्णा


बन्नूर
१३ नोव्हेंबर २०२४

अण्णा, नमस्कार.

पिशवी मिळाली, वेंकोबाने उघडली होती. पत्र वाचलं नाही म्हणतो. वाचायला येत नाही असं पण म्हणतो.

पुस्तक लई चांगलं आहे. बसस्टँडजवळच्या झेरॉक्समध्ये सगळं छापून आणलं. पोरगा म्हणाला, अक्का, शाळेचा प्रोजेक्ट का? मी म्हटलं, हो, म्हातारपणीची शाळा. पिठाची खळ करून पानं जोडली. जोड इतके जुळतात अण्णा, सुईचं टोक जाणार नाही मधे. यांनी पण बघितलं, म्हणाले तुझा भाऊ तलवार सोडून कात्रीकडे वळला ते बरं झालं, पूर्वजांनी घोड्यावरून हेच केलं असतं तर आज वाडे असते.

मशीनला तेल घातलं. चाक फिरलं तेव्हा मी एकटीच होते, म्हणून सांगते, जरा डोळे भरले. वर्षभर त्याच्यावर धुतलेले कपडे ठेवत होते.

समोरच्या जयलक्ष्मीअम्मांच्या अन्विताचं लग्न आहे, फेब्रुवारीत. पाच ब्लाउज मला सांगितले. रेशमी. म्हैसूरला जाऊन शिवून घेऊ शकल्या असत्या, पण म्हणाल्या, सुष्मा, तुझ्या हातचा पाहिजे. मी आधी शेजारणींचे साधे दोन-तीन शिवून बघते, हात बसू दे.

शिलाईसाठी कडेला जे कापड सोडायचं, ते कागदात धरलं आहे, वेगळं सोडायचं नाही, असंच ना? सुम्ने, आपलं सहज विचारते.

फोटो आत्ता नको. पुढं बघू.

तुझी
सुष्मा


लष्कर मोहल्ला
२ डिसेंबर २०२४

चि. सुष्मा,

बस आधी, मग वाच.

गेल्या महिन्यात मी एक लेख टाकला, 'ब्लाउज घट्ट का होतो'. सगळी कारणं लिहिली. कापड आधी भिजवलं नाही. माप घेताना बाईने श्वास आत ओढला. माप गेल्या दिवाळीचं आणि अंग या दिवाळीचं. शिलाई रेघेच्या आत घेतली. लेख लांब झाला, कांचन म्हणाली कापा, मी म्हटलं, कापणं माझा धंदा आहे, काय कापायचं ते मला कळतं. एक शब्द कमी केला नाही. आणि तो लेख काय चालला! नागपूर, बेळगाव, हुबळी, दुबई. दुबईत बाई माझा मुंढा वाचते आहे, विचार कर. लेखाच्या खाली पुस्तकाचा दुवा. लोक लेख वाचतात आणि पुस्तक घेतात. दुकानाचं भाडं आता पुस्तक भरतं, मशीन नाही.

त्यात एक गंमत. कांचनने तक्ता काढून दाखवला की हा लेख सगळ्यात जास्त कोण वाचतं, तर ज्यांनी पुस्तक आधीच घेतलं आहे ते. कांचनला नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी म्हटलं, विद्यार्थी असावेत तर असे. पुस्तक घेतलं तरी वाचन सोडत नाहीत.

अभिप्राय तर असे येतात की उघडून दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवतो. साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलं, 'तुमच्या पुस्तकामुळे मला कळलं की माझं वजन वाढलंय, आता रोज चालायला जाते.' मी उत्तर दिलं, ताई, कागद खोटं बोलत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शिलाईचं कापड कागदात धरलं आहे, दुसऱ्या पानावर ठळक लिहिलं आहे. तू माझ्याकडे शिकलेली, तुला हे विचारावं लागावं याचं जरा आश्चर्य वाटलं. घाई करू नकोस. खडूची रेघ बारीक ठेव. जाड रेघेच्या आतून कापलंस की चारही बाजूंनी थोडं थोडं जातं.

अन्विताच्या ब्लाउजांचं वाचून आनंद झाला. तो लेख मी मनात लिहून ठेवला आहे, 'बन्नूरची नवरी आणि माझा कागद'. फोटो लग्नातला चालेल.

तुझा
अण्णा


बन्नूर
१२ डिसेंबर २०२४

अण्णा,

एक टेप पाठवशील का? नवीन, चांगली, दुकानात तू वापरतोस तशी. माझी लग्नातली आहे. तूच म्हणायचास, टेप ओढून ओढून लांब होते आणि मग खोटी मापं सांगते. माझी तशी झाली असेल.

कारण सांगते. तीन शिवले, त्यातले दोन परत आले. घट्ट. वाईट कुणी बोललं नाही, एकीने तर माफीच मागितली, म्हणाली, अक्का, उसाच्या तोडणीला माणसं होती, त्यांच्याबरोबर मी पण दोनदा जेवत होते. मी बाजू उसवून सैल करून दिले. पण उसवलेला ब्लाउज तो उसवलेलाच अण्णा, भोकं दिसतात.

अन्विताचा एक साध्या कापडात आधी शिवून बघितला. तिला पण हुक लागेना. दुसऱ्या दिवसापासून तिने भात सोडला. जयलक्ष्मीअम्मा म्हणतात, लग्नाची मुलगी उपाशी कशी ठेवू.

रेघ मी बारीकच ठेवते. साबणाच्या कडेने मारते, तू शिकवलंस तसं. पण बोटं सकाळी अजून उघडत नाहीत. गरम पाण्यात धरते मग बसते. डोळ्याला दिसतं की रेघेवर कापते, पण डोळ्याचं काय खरं.

तुझ्या पुस्तकावरचं ते वाक्य मी रोज वाचते, वरतीच असतं ना. चूक कागदाची नाही. मग राहिलं कोण.

टेप पाठव, अष्टे, एवढंच.

सुष्मा


लष्कर मोहल्ला
१७ डिसेंबर २०२४

चि. सुष्मा,

टेप पाठवतो आहे. माझ्या दुकानातल्या लोखंडी पट्टीवर पूर्ण लांबीला ताडून बघितली आहे, तेव्हा या टेपवर शंका घ्यायची नाही.

आता मोठा भाऊ म्हणून लिहितो, राग मानू नकोस. पुस्तक आता शेकडो घरांत गेलं आहे. कुणाची एक तक्रार नाही. एक नाही, सुष्मा. मग बन्नूरलाच ब्लाउज का घट्ट व्हावा? तो ताप सांध्यांत बसतो, वर्षं जातात त्यात. बोटाला वाटतं आपण सरळ जातो आहोत, आणि कात्री आत वळते. यात लाज नाही. माझे वडील शेवटी काजं पण करू शकत नव्हते, तरी रोज दुकानात येऊन बसायचे.

नवरीचे ब्लाउज हा शिकण्याचा प्रसंग नाही. रेशीम उसवलं की संपलं. तू वेंकोबाबरोबर पाचही कापडं आणि मापं माझ्याकडे पाठव, मी शिवून देतो. नाव तुझंच सांग, माझी हरकत नाही. तू साडीला फॉल लावणं, हेम, असली हातातली कामं कर. माणसाची एकेक वेळ असते.

इकडचं सांगायचं तर दुसरं पुस्तक लिहायला घेतलं आहे, लहान मुलींची परकर-पोलकी. कांचन म्हणते ऑनलाइन वर्ग घ्या. मी कॅमेऱ्यासमोर! शर्ट कुठला घालायचा हा पहिला प्रश्न, कारण शिंप्याचा शर्ट लोक आधी बघतात.

तुझा
अण्णा


बन्नूर
६ जानेवारी २०२५

ती. नरसिंगअण्णांस,

टेप मिळाली. माझ्या जुन्या टेपशी जुळवून बघितली. दोन्ही सारख्या आहेत, माझी लांब झालेली नाही. म्हणजे तू म्हणालास तेच.

कापडं आणि मापं वेंकोबाबरोबर पाठवली आहेत. जयलक्ष्मीअम्मांना खरं सांगितलं की म्हैसूरला शिवून येतील. त्या माझा हात धरून बसल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

मशीन द्यायचं ठरवलं. सोसल्याच्या मठाजवळ एकजण घेतो म्हणाला आहे, संक्रांत झाली की रिक्षा घेऊन येईल. हे म्हणाले ठेव, जागा कुठे खातंय. पण रोज समोर दिसतं.

तुझ्या पुस्तकाला यश येऊ दे. मनापासून लिहिते.

सुष्मा


लष्कर मोहल्ला
८ जानेवारी २०२५

चि. सुष्मा,

कापडं पोचली. वर्गाची तयारी चालू आहे, म्हणून थोडक्यात. संक्रांत झाली की कात्री लावतो. मशीनबद्दल वाचून वाईट वाटलं, पण मन घट्ट केलंस ते योग्य. सोसल्याच्या माणसाला सांग की चाकाचा पट्टा नवीन आहे, म्हणजे भाव पाडणार नाही.

अण्णा


बन्नूर
१५ जानेवारी २०२५

अण्णा,

काल संक्रांतीचं एळ्ळुबेल्ल, तीळगूळ, वाटून झालं आणि मशीन पुसायला घेतलं. सासरी जाणाऱ्या मुलीला न्हाऊ-माखू घालून पाठवावं तसं. पुसता पुसता वाटलं, जाण्याआधी एक माझ्यासाठी शिवू. शेवटचा. हिरवं सुती कापड पडलं होतं.

माझा साइज चौतीस, तुला ठाऊकच. आजारपणानंतर मी बारीक झाले आहे. जुने ब्लाउज जरा सैल होतात, बगलेत बोट सहज जातं, यांनी पण म्हटलं होतं काडी झालीस. म्हणून म्हटलं चौतीसचा सैलच होईल, पर्वागिल्ल, चालेल, घरात तर घालायचा. तुझा चौतीसचा कागद ठेवला, कापला, शिवला.

हुक लागेना.

मी बराच वेळ आरशासमोर उभी राहिले अण्णा. जुना ब्लाउज सांगतो मी बारीक झाले, नवा सांगतो मी जाड झाले. एकच बाई एका सकाळी दोन्ही कशी होईल? हात वाकडा म्हणावा तर वाकडा हात एका बाजूला जाईल. हा चारही बाजूंनी सारखाच लहान होता. मुंढा, गळा, बाही, सगळं प्रमाणात. नीट केल्यासारखं लहान.

मग कागद परत काढला. तुझ्या नवीन टेपवर शंका घ्यायची नाही म्हणाला होतास, म्हणून ती घेतली, आणि तू पानाच्या कडेला जी शोभेची टेप काढली आहेस तिच्यावर ठेवली. शून्यावर शून्य. सुरुवातीला जुळतं. पुढे जाता जाता मागे पडतं. तुझ्या कागदातले अकरा इंच संपले तेव्हा माझ्या टेपवर अकरा यायचे होते. चांगलं नखभर अंतर होतं. दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं. सगळीकडे तेवढंच. जुनी टेप पण लावली. दोन टेपा एक म्हणतात, कागद वेगळं म्हणतो.

मला कॉम्प्युटरचं काय कळतं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. चौतीसच्या कागदाचे कापलेले तुकडे आणि कडेची टेप असलेलं पान या पिशवीत घातलं आहे. तूच बघ.

सोसल्याचा माणूस रविवारी येतो.

सुष्मा


लष्कर मोहल्ला
१७ जानेवारी २०२५

सुष्मा,

मायना राहू दे. वेंकोबाची बस सुटायच्या आधी हे पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर मी त्याला तोंडीच सांगणार आहे, मशीन देऊ नको म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तोंडी निरोप. यावरून काय ते समज.

तुझं पान टेबलावर ठेवलं, टेप ठेवली. आधी तुझ्या झेरॉक्सवाल्याला शिव्या दिल्या. मग तीच फाइल समोरच्या दुकानात छापली. बरोबर, अकराला अकरा. मला बरं वाटायला लागलं होतं. पण तुझं ते वाक्य होतं ना, नीट केल्यासारखं लहान. ते बसू देईना. फाइल घेऊन सिटी बसस्टँडजवळच्या झेरॉक्समध्ये गेलो, तिथे कुणी मला ओळखत नाही. छापलं. लहान. अग्रहारात गेलो. लहान. पाच दुकानं फिरलो, सुष्मा. चार लहान.

मग एका पोरीने सांगितलं. छापायच्या आधी मशीन विचारतं, पान कागदात बसवून देऊ का? दुकानवाले 'हो' करून ठेवतात, कडेची अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून. मी पानाच्या कडेपर्यंत रेघा काढलेल्या, एक इंच वाया जाऊ नये म्हणून. मग मशीन सगळं चित्र जरासं आखडून घेतं. सगळीकडून सारखं, म्हणून जोड जुळतात, म्हणून दिसत नाही. छत्तीसची बाई पस्तिसात शिरते.

आणि माझ्या समोरचा झेरॉक्सवाला? त्याला मीच पहिल्या दिवशी शेजारी उभं राहून सांगितलं होतं, कशालाही हात लावायचा नाही, जसं आहे तसं छाप. तो बिचारा अजून तसंच छापतो. मी जगभर माझ्या समोरचं झेरॉक्सचं दुकान धरून चाललो.

कांचनला फोन केला. ती म्हणाली, काका, घाबरू नका, फाइल बदला, पानाच्या कडा मोकळ्या सोडा, पहिल्या पानावर एक चौकोन काढा की आधी हा मोजून बघा. गुपचूप. तक्रार एकही नाही, अभिप्राय चांगले आहेत, कशाला उठवायचं? ती वाईट मुलगी नाही, धंद्याचं सांगत होती. मी पण हो म्हणालो. खरं सांगतो, हो म्हणून फोन ठेवला.

मग ते चांगले अभिप्राय परत उघडले. या वेळी गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला नाही, एकट्यानेच. 'वजन वाढलंय कळलं.' 'बाळंतपणानंतर अंग सुटलं म्हणायचं.' 'दोन साइज वरचा छापून घेतला, लाज वाटली, पण छान बसला.' एकीने रात्रीचं जेवण सोडलं आहे. तक्रार का आली नाही, ते तेव्हा कळलं. ब्लाउज बसला नाही की बाई कागदावर संशय घेत नाही, स्वतःवर घेते. आणि त्या सगळ्यांना माझ्या लेखाने आणि त्या मुखपृष्ठावरच्या वाक्याने सांगितलं होतं की बरोबर करता आहात, स्वतःवरच घ्या. घट्ट ब्लाउज माझा, आणि घट्ट का होतो हे शिकवणारा लेख पण माझाच. कांचनचा तक्ता खरा होता. विद्यार्थी नव्हते ते.

म्हणून काल सगळ्यांना पत्र लिहिलं, यादीतल्या प्रत्येकीला. कांचनने वाचलं, मग म्हणाली, पाठवा. त्यात काही वळण नाही. 'तुमचं अंग बरोबर आहे. माझा कागद छापताना आखडत होता. चूक माझी. नवीन फाइल पाठवत आहे. ज्यांनी कापड वाया घालवलं त्यांनी पैसे परत मागावेत. ज्यांनी जेवण सोडलं त्यांनी जेवावं.'

उत्तरं सकाळपासून येत आहेत, थांबत नाहीत. काहींनी चांगलंच सुनावलं आहे, हुबळीच्या एका शिवणवर्गाने सगळे पैसे परत मागितले, दिले. पण बाकीच्या! साताऱ्याच्या बाई लिहितात, 'काका, तुमचं पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सासूबाईंना दोनदा.' एकीने लिहिलं, 'चालायला जाणं चालू ठेवते, मैत्रिणी झाल्या आहेत.' आणि या गडबडीत पुस्तकं खपत आहेत, बायका एकमेकींना माझं पत्र पाठवत आहेत. कांचन म्हणते, असं मार्केटिंग तिला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. मला त्याचा आनंद झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आता खरं काम. तू पाठवलेले कागदाचे तुकडे मी भिंगाखाली धरले. छापलेल्या रेघेवरून तुझी कात्री कुठे गेली ते पूर्ण मोजलं, मुंढ्याच्या बाकावर तर दोनदा. एक सूतही ढळलेली नाही. सुष्मा, माझ्या चुकीवरून तू इतकं नेमकं कापलंस की चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली. मी तुला लिहिलं होतं, कात्री आत वळते. ते वाक्य माझ्या दुकानात कुणी माझ्याबद्दल म्हटलं असतं तर मी त्याला परत पायरी चढू दिली नसती.

अन्विताची पाचही कापडं परत पाठवतो आहे. कात्री लावलेली नाही. तूच शिव.

आणि दुसऱ्या पुस्तकाचं एकही पान मी आता तुझ्याशिवाय बाहेर सोडणार नाही. फाइल आधी तुझ्याकडे येईल, तुझ्या त्या बसस्टँडच्या झेरॉक्समध्ये छापली जाईल, तू टेप लावशील, शिवून बघशील. याचा मोबदला घ्यायचा आहे, भावाचं काम म्हणून नाही. पुस्तकावर नाव येईल. नको म्हणू नकोस, छापायला दिलं आहे.

नरसिंगअण्णा


बन्नूर
१७ फेब्रुवारी २०२५

अण्णा, नमस्कार.

उशीर झाला, लग्नघर होतं समोर.

आधी तुझा तोंडी निरोप. तू म्हणतोस ते खरं, वाटेत बदलतो. वेंकोबाने बस बाजूला लावून दारात येऊन सांगितलं, मशीन देऊ नको म्हणाले, आणि वर स्वतःचं घातलं, नरसिंगराव रडत होते. मी म्हटलं, अण्णा रडत नाहीत, डोळ्यांत खडू गेला असेल. पत्र पिशवीत होतंच. ते दुपारी एकटी असताना वाचलं. भिंगाचा भाग परत वाचला. मग यांना वाचून दाखवला.

सोसल्याचा माणूस रविवारी रिक्षा घेऊन आला. मशीनवर रेशीम पसरलेलं होतं, मी मान वर न करता म्हटलं, बेड, नको, द्यायचं नाही. तो म्हणाला, अक्का, भाडं भरून आलोय. यांनी त्याला कॉफी पाजली, ऊस दिला रिक्षाभर. खूश होऊन गेला.

बोटं सकाळी अजून उघडत नाहीत. ते खोटं नव्हतं अण्णा, ते आहे. गरम पाण्यात धरते. पण पाण्यातून काढल्यावर ती माझीच असतात, एवढं आता मला ठाऊक आहे.

परकर-पोलक्याची फाइल मिळाली. आपल्या झेरॉक्समध्ये छापली, तिथली शाई पण वाकडी येते, त्यामुळे तपासायला उत्तम जागा आहे. पानं बरोबर आहेत. कडेची टेप पण जुळते. पण बाहीच्या पानावर तू लिहिलं आहेस, मुलीचा हात सरळ ठेवून माप घ्यावं. तुझ्या दुकानात मुलं आईच्या धाकाने सरळ उभी राहतात. घरात कुठली मुलगी हात सरळ ठेवते? बाही वर थोडी सैल धर, नाहीतर फुगडी खेळताना उसवेल. ते पान परत काढ, मग पुढे जाऊ.

मुखपृष्ठावरचं नवीन वाक्य बघितलं, 'बन्नूरला बसलं, म्हणजे कुठेही बसेल'. झेरॉक्सच्या पोराने ते छापून दुकानावर लावलं आहे. त्याला वाटतं त्याच्या मशीनबद्दल आहे.

फोटो या पिशवीत आहे, मशीनजवळचाच. आता लाव.

आणि अन्विता. लग्नाला तिने लाल, काठाचा तो ब्लाउज घातला. मी मांडवात तिच्या मागेच बसले होते, डोळे पाठीवर. जेवणाच्या पंगतीत तिने पुरणाचं ओब्बट्टू मागितलं, वर तूप. मग दुसरं मागितलं. जयलक्ष्मीअम्मांनी माझ्याकडे बघितलं. अन्विता मागे वळून म्हणाली, "अक्का, अजून एक खाऊ?"

मी म्हटलं, "खा ग."

एकही हुक हलला नाही.

तुझी
सुष्मा